कृत्ये ८ : ३६ नंतर एकदम ३८? मधलं वचन कुठं गेलं, आणि हे आपण स्वतः कसं तपासायचं

मलप्रभाकाठ, खानापूर

नमस्कार मंडळी. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. फिलिप्प आणि हबशी अधिकारी रथातून जाताना पाण्यापाशी येतात आणि अधिकारी विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? हे झालं ३६ वं वचन. आमच्याकडच्या एका मराठी प्रतीत पुढचं ३७ वं वचन कंसात आहे : मनापासून विश्वास असेल तर हरकत नाही, असं फिलिप्प सांगतो आणि अधिकारी आपला विश्वास बोलून दाखवतो. दुसऱ्या प्रतीत ३६ नंतर थेट ३८. रथ थांबला, दोघं पाण्यात उतरले. यावरून अभ्यासगटात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, नव्या लोकांनी वचन काढून टाकलं. दुसऱ्यांचं म्हणणं, जुन्यांनी घुसडलं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यात खरं काय? जुनी ग्रीक हस्तलिखितं इथं बसून बघता येतात का? आमच्यात ग्रीक कुणाला येत नाही, पण दोघं मोडी चांगली वाचतात. आणि तिसरं, निरनिराळी मराठी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून मुळात काय होतं ते काढता येईल का?

---

टिळकवाडी वाचक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. मोडीचं निपाणीकर सांगतील.

'काढलं' आणि 'घुसडलं' हे दोन्ही शब्द आधी बाजूला ठेवा. आकड्यांची भानगड वेगळीच आहे. नव्या कराराला वचनांचे आकडे रॉबेर एतिएन या मुद्रकानं १५५१ मध्ये घातले. त्याच्यासमोरच्या छापील ग्रीक पाठात ते वाक्य होतं, म्हणून त्याला ३७ मिळाला. पुढं ते वाक्य तळटीपेत गेलं तरी मागचे-पुढचे आकडे कुणी हलवले नाहीत. आपल्याकडं एखादा सर्व्हे नंबर रद्द झाला म्हणून पुढच्या शेतांचे नंबर बदलतात का? तसंच हे.

आता साक्षी, म्हणजे कृत्यांची जुनी ग्रीक हस्तलिखितं, बघा. तिसऱ्या शतकातला पपायरस ४५, चौथ्या शतकातले सिनायटिकस आणि व्हॅटिकानस, पाचव्यातले अलेक्झांड्रिनस आणि एफ्राएमी, सातव्यातला पपायरस ७४ : यांत ३७ नाही. सहाव्या शतकातल्या लाउडियानसमध्ये आहे. ही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातली पोथी, लॅटिन आणि ग्रीक शेजारी शेजारी लिहिलेली. इरेनियस नावाच्या लेखकानं तर दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातच या कबुलीचा उल्लेख केलाय. म्हणजे वाक्य जुनं आहे, यात वाद नाही. पण वाक्य जुनं असणं आणि ते कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं याच जागी लिहिलेलं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १५१६ मध्ये पहिला ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध करणाऱ्या एरास्मसला हे वाक्य एका हस्तलिखिताच्या समासात दिसलं. नकलकारांच्या हलगर्जीपणानं ते गळलं असावं असं समजून त्यानं ते आत घेतलं. तिथून ते पुढच्या बहुतेक छापील आवृत्त्यांत गेलं.

मग एरास्मस चुकला असं का म्हणायचं? पाठचिकित्सेत, म्हणजे निरनिराळ्या नकला ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या कामात, विचारायचा प्रश्न एकच : कोणता पाठ आधी धरला की बाकीचे पाठ कसे तयार झाले ते उलगडतं? ३७ आधी होतं असं धरून बघा. मग इतक्या ठिकाणच्या नकलकारांनी तेवढंच का गाळावं? ओळीच्या शेवटी तोच शब्द पुन्हा आला की नजर खालच्या ओळीवर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो. पण इथं ३६ चा शेवट आणि ३७ चा शेवट एकमेकांशी जुळत नाहीत. उलट बाजूनं बघा. अधिकाऱ्यानं प्रश्न विचारलाय आणि उत्तर मिळायच्या आत रथ थांबलाय. वाचणाऱ्याला ती फट खुपते. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायची कबुली मंडळींत सगळ्यांना तोंडपाठ होती. कुणीतरी ती समासात टिपली आणि पुढच्या नकलेत ती आत आली. आणखी एक खूण : ज्या हस्तलिखितांत हे वाक्य आहे त्यांत त्याची शब्दरचना एकसारखी नाही. बाहेरून आत आलेला मजकूर बहुतेक वेळा असाच डळमळतो.

भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखितांच्या आधारानं केली. तिथंही उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्यांत जे समान नाही ते तळाला किंवा परिशिष्टात ठेवलं, फेकून दिलं नाही. कृत्ये ८:३७ चं तेच झालंय. तुमच्या दुसऱ्या प्रतीच्या तळटिपा बारकाईनं बघा, बहुतेक तिथं सापडेल.

एक मात्र सांगून ठेवतो, नाहीतर गटातला दुसरा तट लगेच विजय जाहीर करेल. 'लहान पाठ तोच खरा' असा सरसकट नियम नाही. स्तोत्र १४५ घ्या. हिब्रू वर्णमालेतली २२ अक्षरं एकेक करून प्रत्येक वचनाच्या आरंभी येतात, पण छापील हिब्रूत वचनं २१ च. 'नून' अक्षराचं वचन नाही. आजच्या अभ्यासाच्या हिब्रू आवृत्त्या ज्यावर उभ्या आहेत त्या १००८-०९ च्या लेनिनग्राड कोडेक्समध्येही नाही. १९५६ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या ११ व्या गुहेतून स्तोत्रांची गुंडाळी निघाली, तिच्यात ते आहे. सप्तति या ग्रीक भाषांतरात आणि पेशित्ता या सिरियाक भाषांतरातही आहे. इथं वचन गळलं असण्याचा संभव मोठा. तरी काही अभ्यासक विचारतातच की रिकामी जागा बघून कुणी नंतर ते रचलं नसेल कशावरून? म्हणून प्रत्येक जागेचा निवाडा त्या जागेवर बसूनच करायचा.

---

निपाणीकर मोडी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : होय की, बघता येतात, आणि फुकट. सिनायटिकसची पानं चार ठिकाणी विखुरली आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ३४७, लाइपझिगला ४३, थोडी सेंट पीटर्सबर्गला आणि थोडी सिनायच्या सेंट कॅथरिन मठातच. संकेतस्थळावर मात्र सगळी एकत्र लावली आहेत. पुस्तक, अध्याय, वचन निवडलं की पानाचं छायाचित्र आणि शेजारी उतारा येतो. तिरप्या प्रकाशातलं छायाचित्रही आहे. खरवडलेलं अक्षर आणि चामड्यावरचे ओरखडे त्यात दिसतात, साध्या प्रकाशात दिसत नाहीत. कृत्ये शोधताना गोंधळू नका, या पोथीत ते पौलाच्या पत्रांच्या नंतर येतं. व्हॅटिकानस व्हॅटिकन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, व्हॅट. जीआर. १२०९ या क्रमांकाखाली. फोनवर पान ओळखण्यापुरतं बघा. वाचायला लॅपटॉपच घ्या.

मोडीवाल्यांना एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा की मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात, खाली अक्षरं सलग लटकतात, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. ग्रीक बडी अक्षरंही अशीच सलग लिहिलेली आहेत, पण एकेक सुटं. चोवीस अक्षरं आठवड्याभरात डोळ्यांत बसतील. मोडीतल्यासारखा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ इथंही भेटेल. ओमिक्रॉन (ऱ्हस्व ओ) आणि ओमेगा (दीर्घ ओ) यांचा उच्चार एक झाला, तसाच एप्सिलॉन-इओटा ही जोडी आणि साधा इओटा यांचाही. लिहिणारा कानानं ऐकलेलं लिहितो, त्यामुळं अदलाबदल होते. बहुतेक वेळा ती निव्वळ शुद्धलेखनाची चूक असते, पण रोमकरांस पत्र ५:१ मध्ये ओमिक्रॉन की ओमेगा या एका अक्षरावर 'आपल्याला शांती आहे' की 'आपल्याला शांती असू द्या' हे ठरतं. सिनायटिकसमध्ये मूळ हातानं (म्हणजे पहिल्या लिहिणाऱ्यानं) ओमेगा लिहिलाय, सुधारणाऱ्यानं ओमिक्रॉन केलाय.

तोटा जास्त घातक आहे. मोडी वाचणारा 'राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री' हे दोन अक्षरांवरून ओळखतो आणि पुढं जातो. दप्तर वाचायला ती सवय लागतेच. इथं तीच सवय घात करते. उतारा करताना अर्थ लावायचा नाही, समोर जे अक्षर दिसतं तेच लिहायचं. ग्रीक येत नसणं यासाठी सुरुवातीला चांगलंच.

काम असं करा. सिनायटिकसच्या पानावर चार स्तंभ, प्रत्येकात ४८ ओळी, ओळीत साधारण १२ ते १४ अक्षरं. (स्तोत्रांसारख्या पद्य भागात दोनच स्तंभ.) एका बैठकीत एकच स्तंभ घ्या. डोळा थकला की माणूस अंदाज करायला लागतो. तक्त्यात पान, बाजू, स्तंभ, ओळ, मूळ हात, सुधारणा आणि शंका असे रकाने करा. पोथीतली ओळ जिथं मोडते तिथंच तुमचीही मोडा, नाहीतर नजर-उडीची चूक पुढं कधीच सापडणार नाही. संकेतस्थळावरचा तयार उतारा झाकून ठेवा. दोघांनी एकमेकांचं न बघता तोच स्तंभ उतरवायचा, मग तिसऱ्यानं दोन्हींचा ताळा घ्यायचा आणि फरक असेल तिथं पुन्हा छायाचित्र बघायचं. चाललेलं वाक्य मनात असलं की डोळा अपेक्षित अक्षरच बघतो. दोन माणसं त्याच जागी तीच चूक सहसा करत नाहीत.

कुठं फसाल ते सांगतो. एप्सिलॉन, थीटा, ओमिक्रॉन, सिग्मा ही चारही एकाच गोलाईची. सिग्मा इंग्रजी सीसारखा दिसतो. मधली आडवी रेघ पुसट झाली की थीटाचा ओमिक्रॉन होतो. अल्फा, डेल्टा, लॅम्डा त्रिकोणी. गॅमा, टाउ, पाय उभ्या-आडव्या रेघांचे. २ पेत्र २:१३ मध्ये काही हस्तलिखितांत 'अपाताइस' म्हणजे फसवणूक आहे आणि काहींत 'अगापाइस' म्हणजे प्रेमभोजनं. दोन अक्षरांचा फरक, आणि तो याच तिसऱ्या गटातला. ओळीच्या शेवटी स्वरावर छोटी आडवी रेघ दिसली तर ती 'न्यू' अक्षराची खूण आहे, जागा वाचवायला केलेली. नवशिके ती सोडतात.

दुसरी रेघ शब्दाच्या डोक्यावर येते. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त असे पवित्र शब्द पूर्ण लिहीत नाहीत. पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून वर रेघ ओढतात. 'थेओस' म्हणजे देव हा थीटा-सिग्मा आणि वर रेघ. 'होस' म्हणजे 'जो' हा ओमिक्रॉन-सिग्मा. १ तीमथ्य ३:१६ मध्ये 'जो देहात प्रकट झाला' की 'देव देहात प्रकट झाला', हा वाद गोलातल्या एका रेघेवर आणि वरच्या एका रेघेवर उभा आहे. सिनायटिकसमध्ये मूळ हाताचा 'जो' आहे, फार नंतरच्या हातानं वर 'देव' केलाय. दोन्ही तक्त्यात घ्या, वेगवेगळ्या रकान्यात.

व्हॅटिकानसमध्ये वेगळी अडचण आहे. शाई फिकी पडल्यावर नंतरच्या शतकांत कुणीतरी बहुतेक सगळा मजकूर गिरवला. पण जे अक्षर त्याला चुकीचं वाटलं ते त्यानं तसंच फिकं सोडलं. म्हणून फिकी अक्षरं आधी टिपा, खरी किंमत त्यांची. त्याच पोथीत इब्रीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाशेजारी समासात एका वाचकानं सुधारणाऱ्याला झापलंय : "अरे अडाण्या, दुष्टा, जुनं आहे तसं राहू दे, बदलू नकोस!" आपल्या पोथ्यांच्या शेवटी 'यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न विद्यते' लिहून हात जोडणारे नकलकार आठवतात.

---

मलप्रभाकाठ, खानापूर

धन्यवाद दोघांचेही. एक शंका. संगणकात ग्रीक टाकून दोन उतारे आपोआप ताडून बघितले, तर डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरंही वेगळी दाखवतोय. असं का?

---

निपाणीकर मोडी

युनिकोडमध्ये स्वरचिन्ह असलेलं ग्रीक अक्षर दोन प्रकारे साठवता येतं. एक अखंड अक्षर म्हणून, किंवा अक्षर अधिक चिन्ह म्हणून. डोळ्याला एकच, संगणकाला दोन. ताडण्याआधी दोन्ही फायली एकाच प्रकारात आणा. खरं तर इतक्या जुन्या पोथ्यांत मूळ हातानं स्वरचिन्हं घातलेलीच नाहीत, तेव्हा तुम्हीही घालू नका. सिग्माही एकच ठेवा. कीबोर्ड शब्दाच्या शेवटी आपणहून वेगळा सिग्मा टाकतो, पोथीत तो भेद नाही. एक्सेलची आपोआप दुरुस्ती बंद करा. अस्पष्ट अक्षराखाली टिंब द्या, फाटलेल्या जागी चौकटी कंस. कंसात अंदाजानं भरलेलं अक्षर साक्ष म्हणून मोजायचं नाही.

---

कॅम्प बेळगाव

तिसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. मराठी भाषांतरं ताडून मूळ ग्रीक काढता येणार नाही. पण भाषांतरकाराच्या हातात कोणता छापील ग्रीक पाठ होता, एवढं बऱ्यापैकी काढता येतं, आणि तो अभ्यास स्वतंत्रपणे करण्यासारखा आहे. बेळगावला तर जास्तच. ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पदमनजी १८३१ मध्ये इथलेच जन्मलेले, आणि लंडन मिशनचं काम इथं १८२० पासूनचं.

सेरामपूरला विल्यम कॅरी आणि पंडित वैजनाथ यांच्या हातून मराठी मत्तय १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये छापला गेला. तेव्हा एरास्मस आणि एतिएन यांच्या परंपरेतला ग्रीक पाठच सर्वत्र चालत होता. सिनायटिकस अजून मठात होता. टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाच्या हाती त्याची पहिली पानं १८४४ मध्ये लागली. वेस्टकॉट आणि हॉर्ट या इंग्रज अभ्यासकांचा, जुनी हस्तलिखितं ताडून केलेला चिकित्सक पाठ १८८१ चा. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून आधी मुखपृष्ठ उघडून साल लिहा, मगच वचनं बघा.

परीक्षेसाठी वचनं अशी निवडा की पाठभेद मराठीतही टिकून राहील. कृत्ये ८:३७ आहेच. योहान ५:४ (तळ्याचं पाणी हलवणारा दूत), १ योहान ५:७ (स्वर्गातले तीन साक्षी), मार्क १६:९-२०. प्रकटीकरण २२:१४ फार चांगलं : एका पाठात 'आपले झगे धुतात', दुसऱ्यात 'त्याच्या आज्ञा पाळतात'. ग्रीकमध्ये दोन्ही कानाला जवळचे आहेत, मराठीत त्यांची गल्लत होऊच शकत नाही. लूक २:१४ मध्येही एका सिग्मानं शेवट बदलतो : 'माणसांत सद्भावना' की 'ज्यांच्यावर प्रसन्नता आहे त्या माणसांत शांती'.

जिथं मराठी पाठभेद गिळून टाकते ती वचनं टाळा. १ योहान १:४ मध्ये सिनायटिकस आणि व्हॅटिकानस 'आमचा आनंद' देतात, अलेक्झांड्रिनस 'तुमचा'. ग्रीकमध्ये 'हेमोन' आणि 'हुमोन', एका स्वराचा फरक, पुढं तर उच्चारही एकच झाला. कन्नड येणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही : नम्म आणि निम्म, एक वेलांटी काय ती. पण मराठीत 'आपला आनंद' लिहिलं की आमचाही झाला आणि आदरानं तुमचाही झाला. त्यावरून भाषांतरकारासमोर काय होतं ते कळायचं नाही.

उलटही घडतं. मूळ ग्रीक एकच, आणि मराठी दोन. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला उठवतात. एक भाषांतरकार लिहील 'आम्ही बुडतोय', दुसरा 'आपण बुडतोय'. पहिल्यात येशू बुडणाऱ्यांत नाही, दुसऱ्यात आहे. ग्रीक क्रियापदात हा भेद नाहीच, मराठीत तो करावाच लागतो. आजच्या कन्नडात 'नावु' दोन्हीकडं चालतं, तिथं भाषांतरकार सुटतो. अशा जागा पाठभेदाच्या तक्त्यात घालू नका. त्यांची वही वेगळी ठेवा.

जुन्या भाषांतरांनाही ग्रीकचे साक्षी म्हणून हीच मर्यादा लागते. लॅटिनला उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द) नाही, तेव्हा ग्रीकमध्ये उपपद होतं की नव्हतं यावर लॅटिन पोथी साक्ष देऊ शकत नाही. पेशित्तात मुळात नव्या कराराची २२ पुस्तकंच आहेत. यहूदाचं पत्र, २ पेत्र, २ आणि ३ योहान, प्रकटीकरण त्यात नव्हती. तिथं वचन 'नाही' म्हणण्यात अर्थ नाही, पुस्तकच नाही. (क्लॉडियस बुकॅननला केरळात १८०६ मध्ये मिळालेली आणि पुढं केंब्रिजला गेलेली सिरियाक पोथी याच परंपरेतली. दक्षिणेत ही साक्ष किती शतकं वाचली जात होती, ते विसरू नये.)

आणखी एक सापळा. भाषांतरकार ग्रीकवरून करतो म्हणतो, पण शेजारी इंग्रजी उघडं असतं. १६११ च्या इंग्रजी आवृत्तीत मुळात नसलेले, अर्थ पुरा करायला घातलेले शब्द वेगळ्या टाइपात छापलेले आहेत. नेमके तेच शब्द मराठीत वारंवार आले, तर मराठीनं तो मार्ग इंग्रजीतून घेतलाय असं समजा. एक-दोन जागांवरून ठरवू नका, सलग चार अध्याय तपासा.

---

मलप्रभाकाठ, खानापूर

कळलं. कृत्ये ८ आमच्या वादाचं पान आहे, तिथं आम्ही अपेक्षेनंच बघू असं वाटतंय. सुरुवात दुसरीकडून करावी का?

---

निपाणीकर मोडी

मार्क १, सिनायटिकस, पहिला स्तंभ. 'आर्खे तू एवांगेलिऊ' म्हणजे 'सुवार्तेचा आरंभ', आणि पुढं 'येशू ख्रिस्ताच्या' या अर्थी दोन संक्षेप, दोन्ही उप्सिलॉननं संपणारे, वर रेघ. आता ओळीच्या वर बघा. बारीक अक्षरांत आणखी दोन संक्षेप घातलेत, 'देवाच्या पुत्राच्या' या अर्थी. तेही उप्सिलॉननंच संपतात. मूळ रकान्यात हे चार शब्द एका ओळीत लिहू नका. दोन मूळ हाताला, दोन सुधारणाऱ्याला.

मग भांडा हवं तर. चार संक्षेप, सगळ्यांचा शेवट एकच, म्हणून नकलकाराची नजर घसरली आणि दोन गळले, असं म्हणता येतं. पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत, लेखणी ताजी असताना, कोण घसरेल? आरंभ भारदस्त करायला कुणी भर घातली, असंही म्हणता येतं. व्हॅटिकानसमध्ये चारही शब्द आहेत.

लगेच खाली दुसरं वचन. सिनायटिकस आणि व्हॅटिकानस म्हणतात 'यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिलं आहे', अलेक्झांड्रिनस म्हणतो 'संदेष्ट्यांच्या ग्रंथांत'. पुढचं उद्धरण आधी मलाखी ३:१ चं आहे आणि मग यशया ४०:३ चं. कोणता पाठ बघून नकलकार अडखळला असेल आणि कोणता लिहून सुटला असेल, ते वेगळ्या रकान्यात एका वाक्यात लिहा. पहिल्या दहा ओळी दोघांच्या वेगवेगळ्या उतरवून इथं टाका, ताळा घेऊन देतो.